ड्रॅक्युला व्हाया वेताळ टेकडी

पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा भुतांच्या राजाच्या नावावर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर, वेताळ टेकडीच्या माथ्यावर, शेंदूर माखलेला वेताळबाबा बसला आहे. पहाटे टॉर्च घेऊन चढणारे पुणेकर चपला काढून त्याच्यापुढे हात जोडतात, घंटा वाजवतात आणि खाणीच्या बाजूनं घराकडे उतरतात. खाली सेनापती बापट रस्त्याला वेताळबाबा चौक आहे. आजची गुरुवार पेठ पेशवाईत वेताळ पेठ म्हणून वसली होती. एका भुताला टेकडी, चौक आणि पेठ देणारं दुसरं शहर दाखवा!

आता या वेताळाचं थेट ड्रॅक्युलाशी नातं आहे, असं सांगितलं तर? नातं आहे, आणि ते पैठण, मुंबई, लंडन अशा रस्त्यानं जातं. पण सुरुवात करू सर्बियातून.

वास्तुशांत इकडे, पंचनामा तिकडे

22 जानेवारी 1732 ला बाजीराव पेशव्यांनी शनिवारवाड्याची वास्तुशांत केली. त्याच महिन्यात, आगेमागे, बेलग्रेडमध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी एका अहवालावर सह्या केल्या. विषय होता व्हॅम्पायर. मेद्वेजा नावाच्या सर्बियन गावात लोक पटापट मरत होते. गावकरी म्हणाले, काही वर्षांपूर्वी मेलेला आर्नोल्ड पाओले कबरीतून उठून रक्त पितोय, आणि त्यानं ज्यांना मारलं तेही आता उठतात. फ्लूकिंगर नावाच्या सर्जनच्या हाताखाली एकेक कबर उकरली गेली. कोणतं प्रेत कुजलंय, कोणतं टवटवीत आहे, कुणाच्या छातीत पातळ रक्त सापडलं, सगळं ओळीनं लिहून काढलं. आपल्याकडच्या पोलीस पंचनाम्याला शोभेल असा तो कागद आहे. युरोपभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि त्याच साली 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात रुळला.

त्याच्या सात वर्षं आधी, 1725 मध्ये, किसिल्येवो गावातल्या पेटर ब्लागोयेविचची अशीच केस व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. गावानं त्याच्या छातीत खुंटी ठोकली आणि मग प्रेत जाळलं. हे प्रकार इतके वाढले की सम्राज्ञी मारिया तेरेसानं 1755 मध्ये आपला राजवैद्य गेरार्ड फान स्वीटन याला छडा लावायला सांगितलं. त्यानं भीती खोटी ठरवली आणि सम्राज्ञीनं कबरी उकरण्यावर बंदी घातली. अंधश्रद्धेविरुद्धचं ते फार लवकरचं सरकारी पाऊल होतं.

मढं फुगतं कशानं?

डॉक्टर खोटं लिहीत नव्हते. प्रेतात वायू साठून ते फुगतं, म्हणून ते 'धष्टपुष्ट' दिसतं. त्याच दाबानं तोंडातून लालसर द्रव बाहेर येतो, म्हणून ते 'रक्त प्यालेलं' दिसतं. कातडी आकसली की नखं आणि दाढी वाढल्यासारखी वाटतात. अशा फुगलेल्या देहात खुंटी ठोकली तर वायू घशातून बाहेर पडतो, आणि लोकांना किंकाळी ऐकू येते. पॉल बार्बर या अभ्यासकानं 1988 मध्ये या सगळ्या खाणाखुणा नीट मांडून दाखवल्या. पोर्फिरिया या रक्तविकारामुळे व्हॅम्पायरची दंतकथा जन्मली, असा एक सिद्धान्त 1985 मध्ये बराच गाजला होता. तज्ज्ञांनी तो फेटाळला आहे. सर्बियातली लोककथा आणि त्या आजाराची लक्षणं जुळतच नाहीत.

आपल्याकडचं भूत वेगळं का, याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं. बहुतेक मराठी घरांत देह जाळतात. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला गेलं की उकरायला काही उरलेलंच नसतं. म्हणून आपलं भूत बिनदेहाचं. ते झाडावर बसतं किंवा दुसऱ्याच्या अंगात येतं, पण स्वतःच्या मढ्यात उठून बसत नाही. वेताळाची तर गंमतच आहे. तो मेलेल्या माणसाचा आत्मा नाही, तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरून बोलणारा भाडेकरू आहे.

विक्रम राजा आपल्या पैठणचा

'चांदोबा' वाचून मोठ्या झालेल्या प्रत्येकाला ते चित्र आठवेल: उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे स्मशान. चित्रकार शंकर यांनी ते अजरामर केलं. दूरदर्शनवर 1985 मध्ये अरुण गोविलनं विक्रम आणि सज्जननं वेताळ केला. पण हा राजा कुठला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

काश्मीरच्या सोमदेवानं 11 व्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त त्याचा पत्ता दिला आहे: गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! राजाचं नाव त्रिविक्रमसेन. एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो. एक दिवस माकडाच्या हातून फळ फुटतं आणि आतून रत्न पडतं. भिक्षूचं काम एवढंच, की स्मशानातल्या झाडावर लटकलेलं मढं राजानं रात्री उचलून आणायचं, वाटेत अवाक्षर न बोलता. वेताळ गोष्ट सांगतो, कोडं घालतो, राजा उत्तर देतो आणि मढं पुन्हा झाडावर.

सोमदेव म्हणतो की त्याचा ग्रंथ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'वर आधारलेला आहे. गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारातला. आख्यायिका अशी, की जंगलात शाई नव्हती म्हणून त्यानं सात लाख श्लोक स्वतःच्या रक्तानं लिहिले, तेही पैशाची भाषेत. राजानं ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकत गेला. सहा लाख श्लोक जळून गेल्यावर राजा धावत आला. रक्त पिणाऱ्यांच्या कथा जगात पुष्कळ आहेत, पण रक्तानं लिहिलेल्या कथासंग्रहाची ही एक गोष्ट मला त्या सगळ्यांच्या वर वाटते.

छापील मराठी गद्य अजून रांगत होतं, तेव्हा 1830 च्या सुमारास सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. शाळकरी मुलांच्या हाती पडलेल्या पहिल्या काही मराठी पुस्तकांत वेताळ होता. पुढे याच गोष्टींतली डोक्यांच्या अदलाबदलीची गोष्ट जर्मन लेखक टॉमस मानला सापडली, तिच्यावरून गिरीश कार्नाडांनी 'हयवदन' लिहिलं, आणि मराठीत ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं.

बर्टनचे सुळे

1842 मध्ये रिचर्ड बर्टन नावाचा एकवीस वर्षांचा इंग्रज मुंबईच्या बंदरात उतरला. कंपनीच्या मुंबई सैन्यात त्याला नोकरी होती. भाषा शिकण्याचं त्याला वेड. गुजराती, सिंधी, मराठी, जे समोर येईल ते त्यानं घेतलं. 1870 मध्ये त्यानं वेताळाच्या पंचवीसपैकी अकरा गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. पैठणच्या झाडावरचं भूत असं लंडनच्या दुकानात पोचलं.

याच बर्टनला 1878 पासून नाटकवाल्या हेन्री आयर्विंगच्या ओळखीतून एक आयरिश मॅनेजर भेटू लागला. नाव ब्रॅम स्टोकर. पुढे 1906 मध्ये आयर्विंगच्या आठवणी लिहिताना स्टोकरनं बर्टनवर पानं खर्ची घातली, आणि त्यात एक तपशील टिपला: बोलता बोलता वरचा ओठ उचलला जाई आणि बर्टनचा लांब सुळा खंजिरासारखा चमके. ही आठवण लिहिणाऱ्या माणसाला तोवर 'ड्रॅक्युला' लिहून नऊ वर्षं झाली होती. स्टोकरनं बर्टनवरूनच काउंट घडवला, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मराठी प्रदेशात भाषा शिकलेला, वेताळाला इंग्रजीत नेणारा आणि सुळे चमकवणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता, एवढं त्याच्याच लेखणीनं नोंदवलं आहे.

आणि 'खरा ड्रॅक्युला' म्हणून ओळखला जाणारा व्लाद? वॉलेकियाचा हा राजा 1431 च्या सुमारास जन्मला, शत्रूंना सुळावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. स्टोकरला त्याच्याबद्दल फारच थोडं ठाऊक होतं. 1890 मध्ये व्हिटबीच्या वाचनालयात विल्किन्सनच्या एका जुन्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं आणि आवडलं. तोवर कादंबरीतल्या खलनायकाचं नाव काउंट वाम्पिर होतं. ट्रान्सिल्व्हानियाला स्टोकर आयुष्यात कधीच गेला नाही.

1897: रक्त पिणारा खरा सापडला

'ड्रॅक्युला' लंडनमध्ये 26 मे 1897 ला प्रसिद्ध झाली. त्या वेळी पुण्यात प्लेग होता. 10 मार्चला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली. गणेशखिंड म्हणजे वेताळ टेकडीच्याच रांगेचं उत्तरेकडचं टोक.

स्टोकरच्या कादंबरीत काउंट उंदरांच्या फौजा बोलावतो. पुण्यात तेव्हा घराघरांत उंदीर मरून पडत होते, आणि रोग पसरतो कसा हे कुणालाच कळत नव्हतं. उत्तर जून 1898 मध्ये कराचीत मिळालं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की प्लेग पसरवते उंदरावरची पिसू. उंदीर मेला की ती माणसाचं रक्त प्यायला येते. त्याआधी 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले होते. पुस्तकांच्या दुकानात काल्पनिक रक्तपिपासू विकला जात होता, त्याच वर्षा-दीड वर्षात हिंदुस्थानात दोन खरे रक्तपिपासू पकडले गेले. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत थरारक प्रकरण हेच आहे. मेद्वेजातल्या गावकऱ्यांनी कबरी उकरल्या, कारण साथ कुठून येते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या गावांनी त्याच अज्ञानापोटी मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडला. निदान त्यात कुणाचं मढं विटंबलं गेलं नाही.

1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं धागा पुन्हा जोडला: त्यातला काउंट ऑर्लोक जहाजातून उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. स्टोकरच्या पत्नीनं खटला भरला, कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, काही वाचल्या. सूर्यप्रकाशानं व्हॅम्पायर मरतो ही कल्पना या चित्रपटाची. कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फिरतो.

खसखस तिकडे, मोहरी इकडे

पूर्व युरोपात व्हॅम्पायरच्या वाटेवर खसखस किंवा राळ्याचे दाणे पसरत. ते मोजता मोजता त्याची पहाट व्हावी, हा हेतू. आपल्याकडे आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते आणि तडतड ऐकते. पोलंडमधल्या ड्राव्स्को गावच्या 17 व्या-18 व्या शतकातल्या दफनभूमीत काही सांगाड्यांच्या गळ्यावर लोखंडी विळे ठेवलेले सापडले. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा चाकू ठेवण्याची चाल होती. लोखंडावरचा विश्वास दोन्हीकडे सारखाच.

भूत होतं कोण?

मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, समंध हे सगळे मानानं बसले आहेत. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. तो पिंपळावर राहतो. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, धानोरीत मुंजाबा वस्ती आहे. बाळंतपणात गेली ती अळवंत, सवाष्ण गेली ती जखीण, पैशावर वासना ठेवून गेलेला भिक्षुक ब्रह्मसमंध. वाट चुकवतो तो चकवा, पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. ही यादी वाचताना एक गोष्ट टोचते. सगळ्यांत भयानक ठरवलेली भुतं बायकांची आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बाळंतपणात मेलेल्या आहेत. जिच्यासाठी वेळेवर सुईण किंवा डॉक्टर आला नाही, तिलाच गावानं उलट्या पायांची हडळ करून टाकलं. हा अन्याय आपल्या लोककथांनी केला आहे, आणि तो उघड म्हटला पाहिजे.

कोकणातल्या या सगळ्या समजुती एका कलेक्टरनं शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून गोळा केल्या होत्या. हा कलेक्टर म्हणजे नाशिकचा ए. एम. टी. जॅक्सन. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. टिपणं मागे राहिली. आर. ई. एन्थोवेननं ती संपादित केली आणि कोकणचा भाग 1915 मध्ये छापला. अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी त्यात आहे, दापोली-दाभोळकडच्या मास्तरांच्या तोंडून आलेली.

पेशव्याच्या आमराया

30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. वय अवघं अठरा. पुण्यातल्या पोरांना 'काका, मला वाचवा' ही हाक पाठ असते. या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. या काकांचा, म्हणजे राघोबादादांचा, मुलगा दुसरा बाजीराव गादीवर आला, आणि त्याला चुलतभावाच्या भुतानं पछाडलं होतं, असं त्या काळच्या इंग्रज नोंदी सांगतात. शांतीसाठी त्यानं दानधर्म केला आणि पुण्याभोवती हजारो आंब्याची झाडं लावली. एका भुतानं शहराला आमराया दिल्या. पापाचं प्रायश्चित्त म्हणून झाडं लावणं, यापेक्षा चांगली शिक्षा मला सुचत नाही.

चपला झिजवणारा पहारेकरी

वेताळाला खरं प्रेम मिळालं ते तळकोकणात. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाचं देऊळ आहे. जयवंत दळवींचं हे गाव. वेतोबाला नवस फेडताना केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. कारण तो रात्रभर गावाच्या शिवेवर गस्त घालतो आणि चपला झिजतात. भाविक आवर्जून जुन्या जोडाचे तळवे पाहतात. गोव्यात तोच बेताळ होतो. लोलये, आमोणे इथं त्याची ठाणी आहेत, आणि सालसेतमधलं बेतालभाटी हे गाव त्याच्याच नावाचं.

घाटावर त्याचं रूप आणखी जुनं आहे. 19 व्या शतकात जॉन स्टीव्हन्सन या मिशनऱ्यानं पुण्याच्या आसपास वेताळाची शिळावर्तुळं पाहिली. मधे वेताळाचा दगड, भोवती त्याच्या सैनिकांचे दगड, प्रत्येकाच्या डोक्यावर चुना आणि शेंदूर. भांडारकर रस्त्याला राहणारे इतिहासकार दा. ध. कोसंबी वेताळ टेकडीवर फिरायचे. तिथं त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडली. वेताळबाबाच्या पायथ्याशी माणसाची वस्ती हजारो वर्षांची आहे.

हेही ऐका

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, आणि तिन्ही अमेरिका खंडांत. आपल्याकडच्या ज्या जातीला इंग्रजीत खोटा व्हॅम्पायर म्हणतात, ती बेडूक, उंदीर आणि किडे खाते. लिनियसनं 1758 मध्ये ज्या वटवाघळाला 'व्हॅम्पायरस' नाव दिलं, ते बिचारं फळं खातं.

2006 मध्ये फ्लोरिडातल्या एफ्थिमिऊ आणि गांधी या दोघांनी हिशेब मांडला. 1600 साली जगात एकच व्हॅम्पायर होता आणि प्रत्येकानं महिन्याला एकाच माणसाला चावून व्हॅम्पायर केलं, असं धरलं तरी अडीच वर्षांत पृथ्वीवर माणूस उरला नसता. दामदुपटीचा साधा हिशेब, पण बिनतोड.

इंद्रजाल कॉमिक्समधला बुरखाधारी फँटम मराठी वाचकांना 'वेताळ' म्हणूनच भेटला. तोही पहारेकरीच निघाला.

पुण्याचा धारप

मराठी भयकथेची राजधानी पुणे, याला कारण नारायण धारप. जन्म 1925, निधन 2008, शिक्षण रसायनशास्त्राचं, पुस्तकं शंभराच्या वर. लायब्ररीतून आणलेला धारप उशीखाली ठेवून झोपलेली एक पिढी आजही पुण्यात आहे. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली, आणि अमेरिकन खेड्यातला व्हॅम्पायर मराठी वाड्यात आणून बसवला. आधार परका, पण मंद दिव्याखालची ती ओसरी, ते दबके आवाज अस्सल आपले. धारपांच्या कथांत वाईट शक्तीसमोर उभा राहणारा 'समर्थ' शांतपणे विचार करून लढतो, अंगारे-धुपारे फुंकत बसत नाही. वेताळाची टेकडी ज्या शहरात आहे, त्याच शहरात तो लिहिला गेला याचा मला अभिमान वाटतो.

गोष्टी अशाच सांगत राहू, मुलांना सांगू, घाबरवू, हसवू. पण गोष्ट आणि खरं जग यांतला फरक पक्का ठेवा. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यातल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं किंवा चपलेचं पाणी पाजणं हा महाराष्ट्रात अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. तुमच्या आसपास असं काही घडताना दिसलं, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार करा.